जुनी जपानी मोठी गाडी घ्यायची आहे? मराठवाड्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी छत्रपती संभाजीनगरला राहतो. २००९ ची होंडा अकॉर्ड गेली सात वर्षं वापरतोय. त्याआधी एक सौदा फसला, आणि ही गाडी घेतल्यावरही पहिल्या वर्षात बरंच शिकावं लागलं. जालन्यापासून उदगीरपर्यंतची ओळखीची माणसं गाडी घ्यायच्या आधी फोन करतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते सगळे इथे एकत्र लिहितोय.

जुनी जपानी लक्झरी गाडी म्हणजे नेमक्या कोणत्या गाड्या?

आपल्याकडच्या बाजारात प्रत्यक्ष मिळणारी नावं तीनच: होंडा अकॉर्ड, टोयोटा कॅमरी, आणि क्वचित निस्सान टिआना. अकॉर्ड भारतात २००१ ला आली, २००३ ला नवीन आकारात आली आणि २००८ ला आणखी मोठी होऊन आली. ती २०१३ पर्यंत विकली गेली. कॅमरी २००२ पासून आहे, टिआना २००७ पासून. मारुतीनं २०११ ला आणलेली किझाशीही कधीकधी दिसते. चालवायला फार छान गाडी, पण पार्टसाठी महिना-महिना थांबायची तयारी हवी.

लेक्सस हा ब्रँड टोयोटानं १९८९ मध्ये अमेरिकेत सुरू केला, पण भारतात त्यांची अधिकृत विक्री २०१७ ला सुरू झाली. म्हणून कोणी वीस वर्षं जुनी लेक्सस दाखवली, तर ती कोणीतरी खाजगीरीत्या आयात केलेली असणार. तिचे कस्टम्सचे कागद मागा. कागद नसतील तर गाडीला हातही लावू नका.

एवढी मोठी गाडी इतकी स्वस्त का मिळते?

नवी असताना वीस लाखांच्या घरातली ही गाडी आज नव्या छोट्या गाडीच्या निम्म्या पैशातही मिळते. पेट्रोल जास्त लागतं, पार्टची भीती असते, पुढे विकताना गिऱ्हाईक मिळत नाही आणि पंधरा वर्षांची मुदत जवळ आलेली असते. म्हणून किंमत पडते. गाडी वाईट असते असं नाही. मात्र तिचा खर्च आजही वीस लाखांच्या गाडीचाच असतो, हे घेणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

माझा हिशेब असा आहे: खिशात चार लाख असतील तर गाडी अडीचची बघा. उरलेले दीड लाख पहिल्या वर्षात लागतात. मला एक लाख चाळीस हजार लागले, आणि माझी गाडी चांगल्या माणसाच्या हातातली होती.

अकॉर्ड, कॅमरी की टिआना?

आपल्या भागात सांभाळायची असेल तर चार सिलिंडरची अकॉर्ड किंवा कॅमरी. अकॉर्डच्या २.४ लिटर इंजिनला टायमिंग चेन (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडझाप करवणारी साखळी) आहे, बेल्ट नाही. तेल वेळच्या वेळी बदललं असेल तर हे इंजिन लवकर दमत नाही. २००८ नंतरच्या गाडीत थंड इंजिन सुरू करताना पहिले एक-दोन सेकंद करकर असा आवाज आला, तर व्हीटीसी ॲक्च्युएटर (झडपांची वेळ मागेपुढे करणारा भाग) झिजलेला असतो. गाडी लगेच बंद पडत नाही, पण काम खर्चाचं आहे, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

कॅमरीच्या २.४ लिटर इंजिनाची तक्रार वेगळी. काही गाड्या तेल खातात. डिपस्टिक बघा, आणि गाडी तापल्यावर कुणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगून तुम्ही सायलेन्सरमागे उभे राहा. निळसर धूर दिसला तर दुसरी गाडी शोधा. २०१२ नंतरची २.५ लिटर कॅमरी मला या सगळ्यांत जास्त भरवशाची वाटते. हायब्रिड कॅमरी घेत असाल तर मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा देणारी जाळी असते, ती बघा. आपल्याकडच्या धुळीनं ती बुजते, मग बॅटरी तापते आणि लवकर जाते.

टिआनाच्या सीट्स तिन्हींत सगळ्यात आरामदायी. २.५ लिटर व्ही६ (सहा सिलिंडरचं इंजिन) आणि सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स असं नंतरच्या टिआनाचं जोडकाम आहे. मराठवाड्यात सीव्हीटी उघडून बसवणारा भरवशाचा माणूस मला अजून मिळालेला नाही, म्हणून मी ती सुचवत नाही.

व्ही६ अकॉर्ड घेऊ का? पिकअप फार भारी आहे.

पिकअप भारी आहेच. पण तिला टायमिंग बेल्ट आहे. बेल्ट आणि वॉटर पंप शेवटचा कधी बदलला याची पावती नसेल, तर तो बदलायचाच आहे असं धरून किंमत करा. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर इंजिन जातं.

गाडी बघायला गेल्यावर सगळ्यात आधी काय बघावं?

आधी फोनवरच सांगा, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." तिथे पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. बॉनेट गरम लागलं तर त्यांनी गाडी तापवून ठेवली आहे. थंड इंजिनच खरं बोलतं.

मग इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. गरम इंजिनावर कधीच उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. आत बोट घालून बघा. होंडाचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) निळं असतं, टोयोटाचं गुलाबी किंवा लाल. आत साधं पाणी असेल, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला जुन्या माठावर येतो तसा पांढरा थर असेल, तर त्या गाडीत वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं गेलंय. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. पुण्याच्या हवेत ती गाडी निभावून नेते, पण मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत, एसी लावून, पाच माणसं घेऊन घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो. माझी गाडी मांजरसुंब्याच्या घाटात अशीच तापली होती. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या, हीटर पूर्ण चालू केला आणि कडेला थांबलो. तासाभरानं गाडी थंड झाली. आमच्या गॅरेजवाल्या चाचांनी रेडिएटर उघडून माझ्यासमोर उलटा केला, तेव्हा त्यातून चुन्यासारखे खपले पडले. नवीन रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि दोन्ही होज पाइप बदलले, तेव्हापासून काटा निम्म्याच्या वर गेलेला नाही.

होज पाइप बोटांनी दाबून बघायची सवय लावा. चांगला पाइप दाबला की परत फुगतो. आतून करकर वाजला किंवा दगडासारखा कडक लागला, तर तो उन्हानं मेलेला आहे.

गिअरबॉक्स चांगला आहे हे कसं कळणार?

गाडी थांबलेली असताना ब्रेक दाबून पी (पार्किंग) वरून आर (रिव्हर्स) मध्ये टाका, मग डी (ड्राइव्ह) मध्ये. दांडी हलल्यावर सेकंदाभरात गिअर हलकेच बसला पाहिजे. दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही आणि मग धक्का बसला, तर आतले क्लच झिजलेत. नंतर रिकाम्या रस्त्यावर हळूहळू वेग वाढवत न्या. गिअर बदलताना इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे सरकत नाही, असं झालं तर तिथून परत फिरा.

गिअरबॉक्सचं तेलही बघा. लालसर असेल तर बरं. काळपट तपकिरी आणि जळका वास असेल तर नको. सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. होंडाच्या ऑटोमॅटिकला होंडाचंच तेल लागतं, आधी झेड-१ होतं, आता डीडब्ल्यू-१. टोयोटाच्या नंतरच्या गाड्यांना डब्ल्यूएस, टिआनाच्या सीव्हीटीला एनएस-२. "ऑटोमॅटिकचं तेल सगळं सारखंच" असं म्हणत कुणी डब्यातलं कोणतंही लाल तेल भरलेलं असतं. गाडी चालते, सहा महिने, वर्षभर. नंतर गिअरबॉक्स बसतो. म्हणून सर्व्हिसच्या बिलावर तेलाचं नाव शोधा. बिलच नसेल तर गिअरबॉक्स धोक्यात आहे असं समजूनच बोलणी करा.

पुराच्या पाण्यात गेलेली गाडी कशी ओळखायची?

हा प्रश्न पूर्वी कमी यायचा, आता वाढलाय. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच भागात किती पाणी शिरलं ते सगळ्यांनी पाहिलं. जुन्या गाडीबाबत आणखी मागं जावं लागतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी पाण्यात उभ्या असलेल्या २००३-०४ च्या अकॉर्ड नंतर पुसून-धुऊन राज्यभर गेल्या असणार. चेन्नई २०१५, सांगली-कोल्हापूर २०१९. गाडीवरचं पासिंग बघा आणि त्या शहरात तेव्हा काय झालं होतं ते आठवा.

खूण अशी: सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग रोज हाताळला जातो, धुतला जातो. पण शेवटचा हातभर पट्टा कायम गुंडाळलेला असतो. तिथे मातकट रेघ दिसली की पाणी कुठवर आलं होतं ते कळतं. मग समोरच्या सीटखाली हात घालून बोल्ट चाचपा, गंज लागतो का बघा. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात बघा. सुगंधी स्प्रे जरा जास्तच मारलेला असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा. ओल्या गालिच्याचा वास लपत नाही.

मीटर मागे केलेला आहे का?

डिजिटल मीटरही मागे करता येतो, म्हणून मीटरकडे बघून काही ठरवू नका. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगवरचं चामडं, आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा. मीटर साठ हजार सांगत असेल आणि पेडलचं रबर गुळगुळीत असेल, तर कोणीतरी खोटं बोलतंय. चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, जुन्या नोंदी विचारा. मालक सोबत असेल तर बहुतेक ठिकाणी सांगतात.

हैदराबाद किंवा दिल्लीची गाडी खूप स्वस्त मिळते. आणू का?

नांदेड, लातूर, उदगीरच्या लोकांना हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ आहे आणि तिथे या गाड्या भरपूर. दिल्लीच्या गाड्या स्वस्त असण्याचं कारण वेगळं. २०१४-१५ मध्ये हरित लवादानं आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंधन आणलं. नंतर त्यात बदल होत गेले, पण जुन्या गाड्या तिथून बाहेर काढायची घाई सुरूच राहिली.

गाडी आणता येते. पण कागद असा चालतो: मूळ आरटीओची एनओसी (गाडी बाहेर न्यायला हरकत नसल्याचा दाखला) फॉर्म २८ वर मिळते. इथल्या आरटीओत नवीन नंबरसाठी फॉर्म २७ आणि नाव बदलण्यासाठी फॉर्म ३० भरावा लागतो. त्यासोबत महाराष्ट्राचा रोड टॅक्स, तो गाडीच्या मूळ किमतीवरून आणि वयावरून काढतात. आयात केलेल्या आणि कंपनीच्या नावावरच्या गाडीला दर जास्त असतो. म्हणजे एक लाख वाचले असं वाटतं ते इथे निघून जातात. आधी आपल्या आरटीओत जाऊन टॅक्सचा आकडा काढून घ्या, मगच गाडी बघायला निघा.

माझा फसलेला सौदा याच वाटेवरचा. परराज्यातली चंदेरी अकॉर्ड, एका दलालाकडे. पंचवीस हजार इसार दिला, इसार पावती घेतली. "एनओसी आठ दिवसात येते, भाऊ." आठ दिवसांचे चार महिने झाले. गाडीवर बँकेचा बोजा होता आणि तो उतरलाच नव्हता, हे मला नंतर कळलं. पैसे परत आले नाहीत. त्यानंतर मी एक नियम पाळतो: एनओसी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय इसार द्यायचा नाही.

गाडी पंधरा वर्षांची झाली, तर ती भंगारात जाते का?

महाराष्ट्रात नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं असते. मग आरटीओत गाडी तपासून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क कारला ५,००० रुपये आणि आयात चारचाकीला ४०,००० रुपये आहे. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी हेच आकडे १०,००० आणि ८०,००० झाले. उशीर झाला तर महिन्याला पाचशे दंड. पर्यावरण कर वेगळा.

म्हणून आरसीवर गाडी आयात म्हणून नोंदली आहे का, हे बघणं फार महत्त्वाचं. २.४ अकॉर्ड ग्रेटर नोएडाला जोडली जायची. सुरुवातीची टिआना पूर्ण तयार होऊन बाहेरून यायची. दोघींचं वय आणि किंमत सारखी असली तरी नूतनीकरणाला पस्तीस हजारांचा फरक पडू शकतो.

जुनी नंबरप्लेट असेल तर नवीन सुरक्षा नंबरप्लेटही बसवावी लागेल. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती सक्तीची आहे.

गाडी नोटरीवर घेतली तर चालत नाही का? नाव नंतर करू.

नाही. मी यात कुणाचंही ऐकत नाही आणि तुम्हीही ऐकू नका. कागदावर नाव ज्याचं, जबाबदारी त्याची. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं: नोंदीत ज्याचं नाव आहे, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, गाडी कितीही हातांतून गेली असली तरी. म्हणजे विकणारा अडकतो. आणि घेणाऱ्याकडे मालकीचा काही पुरावा नसतो. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी पैसे कुणाला देणार?

फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घ्या. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र घ्या. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. आणि सौदा करण्याआधी गाडीवरचे ई-चलान बघा, कधीकधी दहा-बारा हजारांचे निघतात.

पार्ट मिळतात का?

मिळतात, पण शेजारच्या दुकानात नाही. फिल्टर, ब्रेक पॅड, प्लग हे संभाजीनगर, नांदेड, लातूरला मिळून जातात. लोअर आर्मचे बुश (चाकाच्या जोडणीतले रबर), इंजिन माउंटिंग, स्टिअरिंग पंप हे पुण्याहून किंवा दिल्लीच्या कश्मीरी गेटवरून कुरिअरनं येतात. हेडलाइट, दार, आरसा असा जुना माल मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा दिल्लीच्या मायापुरीला शोधावा लागतो. कश्मीरी गेटवर नकली मालही तेवढाच आहे, म्हणून मागवताना पार्ट नंबर लिहून द्या आणि आल्यावर डब्यावरचा नंबर जुळवून बघा.

अकॉर्डचे पुढचे बुश आपल्या रस्त्यांवर लवकर फाटतात. गावाच्या वेशीवरच्या गतिरोधकांवर पोट घासतं, तेव्हा खालचं गार्डही एकदा उचलून बघा.

ॲव्हरेज किती? गॅस बसवू का?

माझी शहरात आठ आणि हायवेला बारा देते. ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आल्यापासून थोडी घट जाणवते. ही गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेली नाही, म्हणून मी दर सहा महिन्यांनी पेट्रोलचे रबरी पाइप तपासून घेतो. गॅस बसवू नका. डिकी जाते, गाडी जड होते, आणि खर्च इतका महत्त्वाचा असेल तर ही गाडी तुमच्यासाठी नाही.

समृद्धी महामार्गावर जुनी गाडी पळवायची का?

इंजिन पळेल. प्रश्न टायरचा आहे. टायरच्या बाजूला चार आकड्यांची तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. वर्षातून चार-पाच हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी नवीसारखी दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर ताशी १२० च्या वेगाला असं टायर फुटतं. सहा वर्षं झाली की मी टायर बदलतो, नक्षी कितीही असो. जालन्याहून निघताना पहाटे, टायर थंड असताना हवा तपासा.

एअरबॅगचं काय ऐकतो?

ताकाता कंपनीच्या एअरबॅगमुळे जगभर गाड्या परत बोलावल्या गेल्या, त्यात भारतातल्या जुन्या अकॉर्डही होत्या. त्यातला इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) फुटला की धातूचे तुकडे अंगावर येतात. चेसिस नंबर होंडाच्या सर्व्हिस सेंटरला द्या. काम बाकी असेल तर ते फुकट बदलून देतात. गाडी घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात हे करा.

गाडी गावाकडे शेतात ठेवली तर?

कडब्याच्या गंजीजवळ ठेवू नका. उंदीर वायरिंग कुरतडतात आणि एका कुरतडलेल्या वायरीनं आठ-आठ दिवस गाडी गॅरेजला पडून राहते. परभणीच्या माझ्या मेव्हण्याच्या गाडीत एअर फिल्टरच्या डब्यात भुईमुगाच्या शेंगांचा साठा निघाला होता. बॉनेट आठवड्यातून एकदा उघडायचं आणि रात्री थोडं वर करून ठेवायचं.

घेतल्यावर पहिल्या महिन्यात काय करू?

इंजिन ऑइल, गिअरबॉक्सचं तेल, ब्रेक ऑइल आणि कूलंट, चारही बदला, आधीच्या मालकानं काहीही सांगितलं तरी. कूलंट भरताना ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा किंवा तयार कूलंटच वापरा आणि दोन लिटरचा डबा डिकीत ठेवा. फॅन बेल्ट आणि होज पाइप बदला. बॅटरीची तारीख बघा. हे सगळं झाल्यावर एक दुपार काढा, एसी लावून, पूर्ण उन्हात, तुळजापूरला जाऊन या. तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. मांजरसुंब्याच्या घाटातही तो निम्म्यावर थांबला, तर परत येऊन निवांत झोपा.